निळ्या आकड्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक आकडा आहे आणि आता जुना झालो आहे. आकडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गणिताचे पुस्तक आले असेल, तर ते मिटून ठेवा. बेरीज-वजाबाकीशी माझा काही संबंध नाही. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश असतो ना, त्यातल्या एका लेखात मी राहत होतो. तिथे वाक्य संपले की त्याच्या शेवटी, जरा वरच्या अंगाला, चौकटी कंसात एक इवलासा निळा आकडा बसलेला असतो. मी त्यांपैकीच एक. आम्हाला संदर्भ म्हणतात. तुम्ही आम्हाला शेकडो वेळा पाहिले असेल आणि एकदाही हात लावला नसेल.

आमचे काम साक्ष देण्याचे. वाक्य म्हणते, असे असे घडले. वाचणारा विचारतो, कशावरून? तेव्हा आम्ही पुढे होऊन म्हणायचे, या पुस्तकावरून, या वर्तमानपत्रावरून. माझ्यावर टिचकी मारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काम छोटे असले तरी अब्रूचे आहे. ते मी कसे केले, हे सांगताना आजही मला तोंड लपवावेसे वाटते. पण आकड्याला तोंड लपवायला पदर नसतो, म्हणून सांगून टाकतो.

ज्या लेखात मी होतो, तो एका लहान शहराच्या वाचनालयाबद्दल होता. फार वर्षांपूर्वी त्या वाचनालयाला आग लागली, सगळी पुस्तके जळाली आणि पुढे त्याच जागी नवी इमारत उभी राहिली. त्या लेखात एक वाक्य होते : 'रखवालदाराच्या जळत्या सिगारेटमुळे ही आग लागली.' माझा जन्म या वाक्यासाठी झाला, पण वाक्य माझ्याहून वयाने बरेच मोठे. त्याची जन्मकथा मला त्यानेच सांगितली. एक गृहस्थ केस कापायला गेले होते. दुकानात गर्दी होती. नंबर येईपर्यंत करायचे काय, म्हणून त्यांनी मोबाइलवर आपल्या गावच्या वाचनालयाचा लेख उघडला. आगीचे कारण कुठेच लिहिलेले नाही, हे पाहून त्यांना चैन पडेना. त्यांच्या मेहुण्याने कधीतरी काहीतरी सांगितले होते. ते त्यांनी टाइप केले. तेवढ्यात न्हाव्याने हाक मारली, ते खुर्चीत जाऊन बसले आणि पुन्हा कधी त्या लेखाकडे फिरकले नाहीत.

नंतर कोणा शहाण्या माणसाने त्या वाक्याच्या मागे 'संदर्भ हवा' अशी पाटी लावली. म्हणजे, या वाक्याचा भरवसा धरू नका, याला अजून साक्षीदार मिळालेला नाही. ती पाटी गळ्यात घालून वाक्य वर्षानुवर्षे तसेच उभे होते. येणारे-जाणारे वाचत आणि पुढे जात.

मग नव्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा प्रसंग आला. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत अर्धा रकाना रिकामा होता. तो भरायला बसलेल्या उपसंपादकाने सरळ ज्ञानकोश उघडला आणि लेखातला मजकूर उचलला. एखाददुसरा शब्द इकडचा तिकडे केला. आमचे वाक्यही उचलले, फक्त त्याच्या गळ्यातली पाटी तेवढी काढून टाकली. वर्तमानपत्रात अशी पाटी लावून कोण छापतो?

आता माझा जन्मदाता येतो. ज्ञानकोशात लिहिणारे बहुतेक जण टोपणनाव घेतात. याचे टोपणनाव 'कात्री'. दिवसभर तो एका बँकेत काउंटरवर बसे आणि संध्याकाळी घरी आल्यावर जेवणाच्याच टेबलाच्या एका कोपऱ्यात संगणक मांडून ज्ञानकोशाची राखण करी. मी त्याची निंदा करणार नाही. लेखांत शिव्या लिहून जाणारे, स्वतःच्या दुकानाची जाहिरात घुसवणारे, सगळ्यांना तो डोळ्यांत तेल घालून पकडायचा. कामाचा पक्का आणि जिभेचा तिखट. त्या दिवसांत त्याने जुन्या 'संदर्भ हवा' पाट्यांचा निकाल लावायचे मनावर घेतले होते. एकेक वाक्य घ्यायचे, त्याला साक्षीदार शोधायचा; मिळाला तर जोडायचा, नाही तर वाक्य कापायचे. शोधता शोधता त्याला रविवारची ती पुरवणी दिसली.

"सापडला!" तो ओरडला.

"काय सापडलं? गॅसची पावती?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारले.

"संदर्भ गं!"

"बरं. मग आता ताटं घ्यायला सापडाल का?"

त्याने 'संदर्भ हवा' ही पाटी खुडली आणि तिच्या जागी मला बसवले. लेखातला सातवा संदर्भ. मग तो ताटे घ्यायला उठला.

मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. इतकी वर्षे खाली मान घालून उभे असलेले वाक्य माझ्यामुळे ताठ झाले होते. पाट्यांचा ढीग उपसल्याबद्दल कात्रीला इतर संपादकांनी शाबासकीचे पदक दिले. त्यात माझाही वाटा आहे, असे मी धरून चाललो. शाळेची मुले आपल्या प्रकल्पात आमचे वाक्य उतरवून घेत, शिक्षक त्यावर बरोबरची खूण करत. कोणी मला उघडून पाहत नसे. मी तिथे आहे, एवढेच त्यांना पुरे होते. मी कामाचा आहे, असे मला वाटू लागले.

खरे सांगायचे तर एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. माझे एक टोक लेखात होते आणि दुसरे त्या वर्तमानपत्रात. त्या दुसऱ्या टोकाला मला जे वाक्य दिसे, ते आमचेच होते. तोच क्रम, तेच शब्द. आरशात पाहिल्यासारखे. आपण ज्याची साक्ष देतो आहोत त्याच्याकडूनच शिकून आलेला हा साक्षीदार आहे, हे मला कळायला हवे होते. मी तिकडे पाहणे सोडून दिले.

आमच्या लेखाचे पान जिथे उघडे, तिथे मी असे. एका संध्याकाळी ते एका बाकावर उघडले. एका चार मजली इमारतीच्या खाली, जिन्याजवळ, म्हाताऱ्यांची रोजची बैठक होती. त्यांतला एक जण मोबाइल हातभर लांब धरून मोठ्याने वाचत होता. वाचता वाचता तो थांबला.

"अरे, हे तुझंच लिहिलंय की!"

शेजारी बसलेला म्हातारा हसला. "माझं कोण लिहितंय?"

"हे बघ. रखवालदाराच्या जळत्या सिगारेटमुळे ही आग लागली. तिथं रखवालदार तूच होतास ना? दुसरा होता कुणी?"

दुसरा कोणी नव्हता. वाक्यात नाव नव्हते, पण त्या शहरात त्या वाचनालयाला एकच रखवालदार होता आणि तो या बाकावर बसला होता.

"मी फाटकाबाहेर ओढायचो," तो म्हणाला. "आत कधीच नाही."

"तसं नसेल रे, पण हे बघ, पुढं नंबरसुद्धा दिलाय. म्हणजे पेपरात आलेलं आहे."

मोबाइल त्याच्यापुढे धरला गेला. बोट माझ्यावरच होते. त्या म्हाताऱ्याने मला जवळून पाहिले. त्याचे डोळे पाणावलेले नव्हते, रागावलेलेही नव्हते. शाळेत उत्तर चुकल्यावर मूल फळ्याकडे बघते, तसा तो माझ्याकडे बघत होता. बाकीच्यांनी विषय बदलला, कोणाच्या तरी गुडघ्याचे ऑपरेशन निघाले. तो थोडा वेळ बसला आणि कठड्याला धरून जिना चढून गेला.

त्याची मुलगी एका औषधांच्या दुकानात काम करी. वडील तिच्याजवळच राहत, ती त्यांना अप्पा म्हणे. अप्पा खाली बाकावर जात नाहीत, हे तिच्या लक्षात आले. दोन-तीनदा विचारल्यावर त्यांनी कारण सांगितले. तिने तिथल्या तिथे लेख उघडला, म्हणून पुढचे बोलणे मला ऐकू आले.

"खोटं आहे हे, अप्पा. चौकशी झाली तेव्हा तुम्हाला कुणी काही म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलं."

"मग?"

"तेव्हा त्यांना माहीत नसेल. आता लिहिलंय म्हणजे काहीतरी सापडलं असेल." अप्पा पलंगाच्या कडेवर बसून होते. "मला तरी कुठं सगळं आठवतंय? शेवटची सिगारेट पायाखाली विझवली, असं मला वाटतंय. पण विझवली का, हे आता शपथेवर नाही सांगता यायचं."

"तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात की विझवली!"

"सांगत आलो खरं," अप्पा म्हणाले.

मित्रांनो, बघा काय चालले होते ते. एका निर्दोष माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता, आणि तो मी उडवत होतो. वाक्य एकटे असते, गळ्यात पाटी असती, तर अप्पा म्हणाले असते, काहीतरी बरळलंय कुणीतरी. माझ्यामुळे त्यांना ते खरे वाटू लागले. धरणीने पोटात घ्यावे असे म्हणतात, ते मला तेव्हा कळले.

मुलीने दुकानातल्या दुपारच्या रिकाम्या वेळात काउंटरमागे उभ्या उभ्या ते वाक्य काढून टाकले. कात्रीने ते परत घातले आणि कारणाच्या जागी लिहिले, 'संदर्भासहित मजकूर काढू नये.' तिने पुन्हा काढले. त्याने पुन्हा घातले. लेखाच्या मागच्या बाजूला एक चर्चापान असते, तिथे हमरीतुमरी सुरू झाली. ती म्हणाली, हे माझ्या वडिलांबद्दल आहे आणि साफ खोटे आहे. तो म्हणाला, 'घरचा जिव्हाळा घरी ठेवा. हा ज्ञानकोश आहे, तुमचा कौटुंबिक अल्बम नाही. संदर्भ ७ पाहा.' तिने त्याची अक्कल काढली, त्याचा बाप काढला. त्याने नियमांच्या नावांची अशी सरबत्ती केली की त्यातले निम्मे तिला समजलेही नसतील, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच : 'संदर्भ ७ पाहा.' शेवटी सतत काढाकाढी केल्याबद्दल तिला आठवडाभर लिहायला बंदी झाली.

भांडण माझ्या नावाने चालले होते आणि दोघांपैकी एकानेही मला उघडून नीट वाचले नव्हते. कात्रीने जोडताना वाचले असेल, पण ते वाक्य तिथे आहे का, एवढेच बघितले. टिचकी मारली की मी उघडतो, हेच मुलीला माहीत नव्हते.

ज्ञानकोशात प्रत्येक लिहिणाऱ्याला स्वतःचे एक सदस्यपान असते; बंदीच्या दिवसांत तिच्या त्या पानावर एक निरोप आला. लिहिणारीचे टोपणनाव 'गोगलगाय'. ही बाई एका छापखान्यात मुद्रिते तपासायची, छापण्याआधीच्या कागदांवर चुका शोधायची. तिचे सगळे काम सावकाश. तिने लिहिले :

'नमस्कार ताई. चर्चापानावरचं बोलणं वाचलं. तुमच्याशी इतकं कडक बोलायला नको होतं. या वाक्यानं तुम्हाला फार त्रास होतोय, असं दिसतं. नेमकं काय झालं, सांगाल का? बंदी असली तरी या पानावर तुम्हाला लिहिता येतं.'

मुलीने बाकाची गोष्ट सांगितली. अप्पा काय म्हणतात, तेही सांगितले. त्यावर गोगलगाईने चर्चापानावर कात्रीलाही तितक्याच अदबीने लिहिले, 'तुम्ही एवढ्या जुन्या वाक्याला संदर्भ शोधलात, त्याबद्दल आभार. मला एक शंका आहे. जरा तपासून सांगते.'

आणि मग तिने मला उघडले.

इतक्या वर्षांत मला उघडून शेवटपर्यंत वाचणारी ती पहिलीच. छापखान्याच्या खोलीत, टेबलावर मुद्रितांची चळत बाजूला सारून, चष्मा नाकावर खाली ओढून तिने पुरवणीतला मजकूर ओळीओळीने वाचला. मग लेख वाचला. मग पुन्हा मजकूर. मित्रांनो, ज्ञानकोशाच्या प्रत्येक लेखाला इतिहास असतो. कोणते वाक्य कोणी आणि कधी घातले, ते सगळे तिथे राहते. तिने तो इतिहास मागे मागे नेला. आमचे वाक्य पुरवणीच्या कितीतरी आधी जन्मलेले निघाले. तिने वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला आणि शब्द टिपून घेण्यासाठी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"अहो, ते तुमच्याच ज्ञानकोशातून घेतलं होतं," उपसंपादक मोकळेपणाने म्हणाला. "का हो? चुकीचं आहे का? तिथं तर असतं ना सगळं."

"त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं होतं."

"हां, होतं खरं काहीतरी. ते काढलं. चांगलं दिसत नव्हतं."

गोगलगाईने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसापुढे निदान मान खाली घालता येते.

तिने चर्चापानावर आमचे वाक्य आणि मी, दोघांनाही जसेच्या तसे उतरवले, शेजारी दोन्ही तारखा लिहिल्या आणि उपसंपादकाचे म्हणणे मांडले. ती माझी प्रत आजही तिथे आहे, चव्हाट्यावर उभी. कात्रीने आधी आढेवेढे घेतले. 'वर्तमानपत्र हा विश्वासार्ह स्रोत आहे, नियम वाचावेत. शिवाय वाक्यात कोणाचे नावही नाही.' गोगलगाईने लिहिले, 'वर्तमानपत्र आहेच विश्वासाचं. पण त्यांनी ते आपल्याकडून घेतलं आणि आपण त्यांच्याकडून. मधे खरं पाहिलेलं कुणीच नाही. आणि नाव नसलं तरी तो माणूस हयात आहे. हयात माणसाबद्दल असं लिहायचं तर आपल्याला फार जपून लिहायला हवं.'

कात्री जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून होता. त्याने चष्मा काढून ठेवला.

"काय झालं हो?" बायकोने विचारले.

"मी एका म्हाताऱ्या माणसावर आळ घातला," तो म्हणाला. "आणि त्याच्या मुलीला अल्बमवरून बोललो."

तिने यावेळी चेष्टा केली नाही. त्याने स्वतःच्या हाताने वाक्य कापले आणि त्याच्याबरोबर मलाही. कारणाच्या जागी लिहिले, 'चूक माझी.' मुलीची बंदीही त्याने रदबदली करून उठवली.

मी सुटलो, असे मला वाटले. पण गोष्ट तिथे संपली नाही. मुलीने विचारले, आता तिथे असे लिहाल का, की रखवालदार फाटकाबाहेर सिगारेट ओढत असे आणि आगीशी त्याचा संबंध नव्हता? गोगलगाईने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. 'ताई, मला लिहावंसं वाटतं. पण तेही कुठं छापलेलं हवं. घरच्यांच्या सांगण्यावरून आम्हाला लिहिता येत नाही. त्या काळच्या साप्ताहिकाचे अंक कुठं मिळतील का, म्हणून मी चौकशी केली. आगीआधीचे अंक त्याच वाचनालयात ठेवलेले होते, आणि आगीनंतरचे कुणी जपून ठेवलेच नाहीत.' म्हणजे आधीचे जळाले होते आणि नंतरचे हरवले होते.

त्या संध्याकाळी मुलीने अप्पांना मोबाइल दाखवला. तिने इतिहासातले पान उघडले होते, डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा. डावीकडे मी आणि वाक्य, रंगात रंगवलेले, म्हणजे काढून टाकलेले. उजवीकडे त्या जागी कोरे.

"बघा अप्पा, गेलं. त्यांनी चूक कबूल केली."

अप्पांनी कोऱ्या जागेवरून बोट फिरवले. "आता काय लिहिलंय?"

"काही नाही."

"मग आग कशानं लागली म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. कुणालाच माहीत नाही, अप्पा."

अप्पांनी बोट मागे घेतले. मग अगदी सहज म्हणाले, "कुणालाच माहीत नाही, म्हणजे माझी सिगारेटही असेल."

मुलीच्या हातातला मोबाइल खाली आला. मला फक्त तिची साडी दिसत होती आणि तिचा श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तिने चर्चापानावर लिहिले. यावेळी तिने कोणाची अक्कल काढली नाही, एकही उद्गारचिन्ह वापरले नाही. 'वाक्य काढल्याबद्दल दोघांचे आभार. पण अप्पांच्या मनातून ते निघत नाही. ते अजून म्हणतात, माझी सिगारेटही असेल. यावर तुमच्याकडे काही नियम आहे का?'

ते वाचणारे बरेच जण असतील. दिवसभर कोणी काही लिहिले नाही.  संध्याकाळी नियम तोंडपाठ असलेल्या कात्रीने टेबलाच्या कोपऱ्यात बसून पाच-सहा ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. शेवटी एवढेच ठेवले, 'नाही ताई. असा नियम नाही. मी येऊन त्यांना स्वतः सांगू का, की ते वाक्य खरं वाटावं असं मी केलं होतं आणि त्याला काहीही आधार नव्हता?'

तिचे उत्तर माझ्या प्रतीच्या खाली आजही आहे. 'रविवारी या. अप्पांना कमी ऐकू येतं, तेवढं मोठ्यानं सांगा.'

तो गेला की नाही, मला माहीत नाही. तिथे जाताना कोणी पान उघडले नसणार आणि मला दुसरी वाट नाही. मी इतिहासाच्या पानात पडून असतो. कधीतरी एखादा नवा संपादक चर्चापानापर्यंत येतो, माझी प्रत वाचतो आणि निघून जातो. मला तिथून कोणी हलवू नये, असेच मला वाटते. माझी जागा तीच आहे.

मित्रांनो, तुम्हीही उद्या या ज्ञानकोशात लिहाल, जरूर लिहा. लिहिताना मेहुण्याने सांगितले म्हणून लिहू नका. माझ्यासारखा आकडा जोडाल, तेव्हा त्याला विचारा की तू कुठून आलास आणि तुला कोणी सांगितले. आणि कोणी नवखे माणूस चिडून, चुकत, नियम मोडत तुमच्यापुढे उभे राहिले, तर त्याला गप्प करण्यासाठी मला पुढे करू नका. आधी त्याला बसवा आणि काय झाले ते विचारा.